काचेतलं कुंकू

माझं अक्षर वाईट आहे, आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलंच नाही. आधीच माफी मागून ठेवते. देवासच्या मराठी शाळेत मी चौथीपर्यंत गेले, मग धाकट्या भावाला सांभाळायला घरी राहिले. त्यानंतर लिहिलं ते किराण्याच्या यादीपुरतं. ही वही मुलीची आहे, मागची कोरी पानं मी वापरते. तिच्या हाती लागली तरी काळजी नाही. ती मराठी बोलते, पण वाचायला बसली की दुसऱ्या ओळीला जांभई देते, कारण सगळं शिक्षण हिंदीत झालं. आणि आमचे हे, म्हणजे माझे यजमान, बिलाशिवाय काही वाचत नाहीत. आमच्या घरात मराठीत लिहिलेलं कुलुपात ठेवल्यासारखंच असतं.

लिहायचं आहे ते एका काचेबद्दल.

धारला इंदूरच्या रस्त्यावर आमची पत्र्याची टपरी आहे. गाडीच्या पुढच्या काचेला खडा लागून टवका उडाला, तर ती काच न बदलता आम्ही दुरुस्त करतो. हे पूर्वी धामनोदला हायवेवर ट्रकच्या काचा बसवायचे. तिथे त्यांनी हे काम पाहिलं, इंदूरहून पेटी आणली आणि धारला येऊन स्वतःचं सुरू केलं. पेटीत सामान थोडंच. काचेला चिकटून बसणारी रबरी पायांची चौकट, तिच्यात बसणारा इंजेक्टर, रेझिनची काळी बाटली, जांभळा दिवा, सुया, ब्लेड, आरसा. इंजेक्टर म्हणजे बोटाएवढी पितळी नळी, आत दट्ट्या. वरचा स्क्रू पिळला की रेझिन टवक्यात उतरतं. उलटा फिरवला की टवक्यातली हवा वर ओढली जाते. पिळायचं, थांबायचं, ओढायचं, पुन्हा थांबायचं. टवका पुरता भरला की वरून जांभळा दिवा धरायचा, मग रेझिन काचेसारखंच कडक होतं. उन्हानेही ते कडक होतं, म्हणून सगळं काम सावलीत, वर काळी ताडपत्री बांधून.

पहिली बरीच वर्षं मी फक्त गाडीत बसून आतून आरसा धरत असे. दोन वर्षांपूर्वी ह्यांच्या उजव्या अंगावरून लकवा गेला. पाय सुधारला, जीभ सुधारली, पण बोटं राहिली. स्क्रू धरला की हात थरथरायचा. एक दिवस गिऱ्हाईक उभं होतं, हे घामाघूम झाले होते, मी गाडीतून उतरले आणि त्यांच्या हातातून इंजेक्टर घेतला. त्या दिवसापासून मीच करते. या कामाला जोर लागत नाही, थांबता यावं लागतं. मला बोलता येत नाही चारचौघांत, पण थांबता येतं.

मग आमचं असं ठरून गेलं की हे खुर्चीवर बसून बोलणार आणि मी पदर घेऊन, गिऱ्हाइकाकडे पाठ करून काम करणार. कोणी विचारायचं, "भिया, भाभी करेंगी क्या?" हे सांगायचे, "मेरे हाथ से करवाना हो तो नई काँच के पैसे साथ लाना." लोक हसायचे आणि थांबायचे. त्या पहिल्या वर्षात मी कोणा गिऱ्हाइकाशी दहा शब्द बोलले नसेन.

टपरीवर एक पाटी आहे. चीर वाढली तर दुकानाची जबाबदारी नाही, असं तिच्यावर हिंदीत लिहिलं आहे. ते खोटं नाही. दुखावलेली काच कधीही पुढे फाटू शकते, कोणी हात लावो न लावो. पण त्या पाटीमागे मी लपले असते तर आज ही पानं लिहायला बसले नसते.

गेल्या वर्षीची खंडेनवमी. आमच्यात त्या दिवशी हत्यारं पुजतात. तलवारी आता कोणाकडे आहेत, ज्याचं जे पोटाचं साधन ते पाटावर मांडायचं. माझे वडील शिंपीकाम करायचे. आई त्यांची कात्री पाटावर ठेवायची आणि कुंकू लावायची ते टोकाला. मुठीला लावलं तर रागवायची. म्हणायची, हत्याराचा मान तोंडाला. नवमीला पाटावर गेलेलं हत्यार दसऱ्याची संध्याकाळ होईपर्यंत उचलायचं नाही.

ह्यांच्या हातात होतं तोवर हे पेटी बंदच ठेवून वरून फूल वाहायचे. गेल्या वर्षी मी म्हटलं, आता काम माझं आहे, तर पूजाही मी नीट करते. पेटी उघडली, एकेक वस्तू पुसून पाटावर मांडली. आणि इंजेक्टरच्या तोंडाला, जे काचेवर टेकतं त्या टोकाला, ओलं कुंकू लावलं. बोटाने नीट दाबून लावलं. मला फार बरं वाटलं होतं, ते खोटं कशाला सांगू. आयुष्यात पहिल्यांदा माझं स्वतःचं हत्यार पाटावर होतं.

कात्री भरीव असते, पुसली की झालं. इंजेक्टर पोकळ असतो, हे त्या दिवशी माझ्या मनातच आलं नाही.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी एकादशी. दुपारी बाराच्या सुमारास एक नवी पांढरी गाडी टपरीसमोर थांबली. बॉनेटवर झेंडूचा हार, कुंकवाचं स्वस्तिक, वायपरच्या खाचेपर्यंत अक्षता. उतरले ते साठी ओलांडलेले गृहस्थ, अंगात इस्त्रीचा सदरा. ह्यांच्याशी हिंदीत बोलायला लागले, पण दोन वाक्यांत ह्यांनी ओळखलं आणि मराठीत उत्तर दिलं. मग ते खुलले. देवासचे होते, सरकारी शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. धारला बहिणीला सोनं द्यायला आले होते. येताना लेबडजवळ पुढच्या डंपरमधून खडी उडाली आणि काचेवर बसली.

गाडी त्यांची नव्हती, जावयांची होती. ते त्यांनी तिसऱ्या वाक्यात सांगितलं आणि पुढे परत परत सांगितलं. जावई कामासाठी भोपाळला गेले होते, संध्याकाळी देवासला परतणार होते. लेक म्हणाली होती, बाबा, या वयात एवढ्या लांब गाडी नेऊ नका, ड्रायव्हर घ्या. मास्तरांनी ऐकलं नव्हतं.

"विमा असेल ना?" ह्यांनी विचारलं.

"असेल. पण सही त्यांचीच लागेल," मास्तर म्हणाले. "मग मला पुन्हा गाडीला हात लावू देणार नाहीत."

मी टवका पाहिला. दुकानात ज्याला स्टार म्हणतात तसा होता, मी त्याला चांदणी म्हणते. मधे बारीक खड्डा आणि त्यातून पाच किरणं फुटलेली. एक किरण थोडं लांब होतं, काचेच्या खालच्या कडेकडे वळलेलं. जागा वाईट होती, बरोबर चालवणाऱ्याच्या डोळ्यासमोर. पण काम होण्यासारखं होतं. मी मान हलवली, ह्यांनी मास्तरांना सांगितलं की होईल, अर्ध्या तासात दिसणारही नाही.

गाडी उन्हातून आली होती आणि आत एसी चालू होता. अशी काच आतून गार आणि बाहेरून तापलेली असते, ती आधी निवू द्यावी लागते. मी उलटा हात लावून पाहिला. अजून दहा मिनिटं हवी होती. मास्तर घड्याळ बघत होते. एकदा उठले, बसले, पुन्हा उठले. हे म्हणाले, "लाव आता, किती वेळ." मी काम सुरू केलं. ही माझी दुसरी चूक. पहिली मला अजून ठाऊक नव्हती.

सुईने काचेचा चुरा काढला, चौकट बसवली, इंजेक्टर खड्ड्यावर टेकवला. सकाळीच मी तो फडक्याने पुसला होता, वरून लख्ख होता. रेझिनचे थेंब टाकले, दट्ट्या घातला आणि पिळायला सुरुवात केली. आत आरसा तिरपा ठेवला होता. चांदणी भरत असताना आरशात पाहावं लागतं, किरणं एकेक करून नाहीशी होतात. मला तो क्षण फार आवडतो. पाण्यात साखर विरघळावी तशी चीर विरघळते.

त्या दिवशी पहिलं किरण नाहीसं झालं नाही. ते गुलाबी झालं.

मला वाटलं स्वस्तिकाची सावली पडली असेल. मी पदराने डोळे पुसले. दुसरं किरण गुलाबी होत होतं, मुळापासून टोकाकडे, सावकाश. मग मला कळलं. नळीच्या तोंडाशी आत एक रबरी वायसर असतो. ओलं कुंकू त्याच्यामागे जाऊन बसलं होतं, तिथेच वाळलं होतं, आणि रेझिनने ते सोडवून आणलं होतं. माझ्या बोटाने दाबलेलं कुंकू.

माझ्या पाठीमागे चार हातांवर हे आणि मास्तर बसले होते. देवासच्या कुठल्याशा जुन्या दुकानाच्या जिलबीबद्दल बोलत होते. मी वळले नाही. वळून सांगायला हवं होतं की थांबा, काहीतरी चुकलं आहे. पण माझ्या तोंडातून शब्द निघाला नाही, नेहमीसारखाच. मी विचार केला, कोणाला कळण्याआधी ओढून काढते. अजून दिवा लावलेला नाही, रेझिन ओलं आहे, निघेल.

स्क्रू उलटा फिरवला. थोडा रंग वर आला. नळी काढली, पुसली, वायसर काढून फेकला, नवा घातला. स्वच्छ रेझिन भरलं, पिळलं, ओढलं. तीन किरणं साफ झाली. दोन फिकी गुलाबी राहिली, त्यातलं एक ते लांब किरण. माझा हात कधी घामेजत नाही, त्या दिवशी स्क्रू बोटांतून निसटत होता. पुन्हा पिळलं. थांबायला हवं होतं, मी थांबले नाही. अजून अर्धा आटा, अजून अर्धा.

टक्.

एवढासा आवाज. बोटं मोडल्यासारखा. लांब किरण माझ्या डोळ्यांसमोर निघालं आणि वीतभर धावत जाऊन खालच्या काळ्या पट्टीत शिरलं. कडेपर्यंत गेलेली चीर आता कोणाच्या बापाच्यानेही दुरुस्त होत नाही. काच गेली.

हे उठून आले. आवाज त्यांना ओळखीचा आहे. त्यांनी काच पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं, आणि मग त्यांची नजर त्या गुलाबी रेघेवर गेली. त्यांना सगळं कळलं असणार, पाट त्यांच्या समोरच मांडला होता. मास्तर त्यांच्या मागोमाग आले. त्यांनीही काच पाहिली. ओरडले असते तर सोपं झालं असतं. त्यांनी खिशातून रुमाल काढला, चष्मा पुसला आणि पुन्हा बघितलं.

हे पाटीकडे बोट दाखवून म्हणाले, "मास्तर, दुखावलेली काच आहे. कधी कधी जाते पुढे. कोणाच्या हातात नसतं."

मास्तरांनी पाटी वाचली. मग वाकून त्या रेघेकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, "हे लाल कसलं?"

ह्यांनी नजर पाटीवरच ठेवली. तेच मग म्हणाले, "कुंकू आहे. आमच्या लेकीने परवा स्वस्तिक काढलं ना, तेच उडून चिरेत गेलं असणार. मी तरी कसा, पुसून आणायला हवं होतं. तुमचा काय दोष." त्यांचा चेहरा इतका पडला होता की बघवत नव्हतं. स्वतःच्या लेकीच्या पूजेलाच दोष देत होते.

ह्यांनी मान हलवली. हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. नुसती हलवली. मला ती मान अजून दिसते. हे वाईट नाहीत. घरात एकच हात कमावता राहिला होता आणि तो माझा होता. धारमध्ये बोभाटा झाला असता तर टपरीपुढे कोण थांबलं असतं?

मी ताडपत्रीखाली उभी होते. मला वाटलं आता हे गृहस्थ गाडीत बसतील, देवासला जातील आणि लेकीला सांगतील की तुझ्या कुंकवाने काच गेली. दर दसऱ्याला तिला ते आठवेल. कुंकू लावताना हात थबकेल. मी ताडपत्रीखालून बाहेर आले.

"काका," मी म्हटलं, "कुंकू आमचं आहे. मी नवमीला हत्याराला लावलं होतं, ते आत राहिलं. आणि चीर मी जास्त पिळल्याने गेली. काचेचे पैसे मी देईन."

गिऱ्हाइकाकडे तोंड करून मी इतकं बोलले, ते पहिल्यांदाच. मास्तर माझ्याकडे बघत राहिले. त्यांनी त्या आधी माझं तोंड पाहिलंच नव्हतं. ह्यांनी खुर्ची ओढली आणि आमच्याकडे पाठ करून बसले.

मास्तर म्हणाले, "बाई, इंदूरला काच बसवणारे कोण आहेत, ते सांगा आधी." ह्यांनी वळून न बघता दुकान सांगितलं, फोन करून काच आहे का तेही विचारलं. निघताना मी मास्तरांचा पत्ता मागितला. त्यांनी बहिणीने दिलेल्या फराळाच्या पिशवीचा कागद फाडून त्यावर लिहिला. मी तो वाचला आणि म्हटलं, ही गल्ली मला ठाऊक आहे, टेकडीच्या पायथ्याची. माझं माहेर पलीकडेच. ते पहिल्यांदा थोडंसं हसले. "म्हणजे आमच्या गावची लेक तुम्ही," म्हणाले, आणि चिरलेल्या काचेतून रस्ता बघत गेले.

शेजारी पंक्चरवाला आहे, त्याने सगळं ऐकलं होतं. तो म्हणाला, "भाभी, बोलना जरूरी था क्या? बुड्ढे को तो मालूम ही नहीं पड़ता." ह्यांनी त्याला गप्प बसवलं. पण घरी आल्यावर मला म्हणाले, "वर्षभर तोंडात मूग होते, आज बरं तोंड फुटलं. पाटी कशाला लावली आहे मग?" ते पुढे आठ-दहा दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलले.

तिसऱ्या दिवशी ह्यांच्या फोनवर मास्तरांचा फोन आला. काच त्याच दुपारी इंदूरला बसली, साडेअकरा हजार लागले. जावई यायच्या आत गाडी दारात उभी होती. घरी कोणाला काही सांगितलेलं नाही. आणि तुम्ही मनाला लावून घेऊ नका. हे मला म्हणाले, "बघ, तेच नको म्हणतात." मी म्हटलं, ते नको म्हणाले नाहीत, मनाला लावून घेऊ नका म्हणाले. त्यात फरक आहे.

टपरीच्या पैशाला मी हात लावायचा नाही असं ठरवलं. वडिलांची कात्री माझ्याकडे आहे. साड्यांना फॉल-पिको, ब्लाउजं, जे मिळेल ते शिवलं. पहिला हजार जमला तेव्हा आईला भेटायला जाते म्हणून निघाले. इंदूरला बस बदलून देवासला उतरले आणि थेट मास्तरांकडे गेले.

दार त्यांच्या लेकीने उघडलं.

सासर गावातच, त्यामुळे ती येऊन-जाऊन असायची, हे मला कुठे ठाऊक? तिने विचारलं, कोण आपण? आत मास्तर पेपर वाचत होते. मला बघून त्यांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी हात वर केला, तोही अर्धाच, जणू मी काही बोलू नये. माझ्या पिशवीत आईसाठी नेलेले उडदाचे पापड होते. ते वर दिसत होते. लेक म्हणाली, "पापडवाल्या का?" मी मान हलवली. बरोबर तशीच, जशी ह्यांनी हलवली होती. पाचशेच्या दोन नोटा पापडांच्या पुडक्यात सरकवून मी ते मास्तरांच्या हातात दिलं आणि पाणीही न पिता निघाले. गल्लीच्या टोकाला येऊन बसले. माझं मलाच कळेना, एक खोटं मोडायला निघाले आणि दुसऱ्यात जाऊन बसले.

पण मास्तरांचं गुपित मास्तरांचं होतं, ते उघडं करायचा मला काय हक्क. मग दर महिन्याला पापड आले. मी आदल्या दिवशी लाटायचे, पुडकं बांधायचे, मधे नोटा. कधी लेक असायची, कधी नसायची. एकदा जावई होते. उंच, चष्मा लावलेले, कमी बोलणारे. त्यांनी माझ्या हातातून पुडकं घ्यायला हात पुढे केला आणि मास्तर इतक्या घाईने उठले की चहाचा कप सांडला. मास्तरांची बायको, काकू, हे सगळं स्वयंपाकघराच्या दारातून बघायच्या. एकदा मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "तू पापडाचे पैसे कधी मागत नाहीस गं." मी म्हटलं, काका हिशोब करतात. "करतात का?" काकू म्हणाल्या आणि माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिल्या.

टपरीवर महिनाभर गिऱ्हाईक तुटलं होतं. पंक्चरवाल्याचं तोंड. मग हळूहळू परत आलं. एक ट्रकवाला म्हणाला, इधर गलती हो तो बताते हैं, ऐसा सुना है. ह्यांनी ते ऐकलं आणि त्या संध्याकाळी स्वतःच्या डाव्या हाताने वायसरांची नवी डबी माझ्यापुढे ठेवली. पाचव्या की सहाव्या महिन्यात मी देवासला निघाले तेव्हा बसचं भाडंही त्यांनी काढून ठेवलं होतं.

असे अकरा हजार गेले. उरले पाचशे, आणि दसरा आला.

या वर्षी खंडेनवमीला मी पेटी बंद ठेवली. कुंकू झाकणावरच्या कडीला लावलं. आईचं म्हणणं मोडलं असं मला वाटत नाही, पोकळ हत्यार तिने कधी पाहिलं नव्हतं.

दसऱ्याच्या संध्याकाळी मी देवासला गेले. आधी आईला सोनं दिलं. मग आपट्याची पानं, पापडांचं पुडकं आणि त्यात पाचशेची नोट घेऊन मास्तरांकडे. दारात तीच पांढरी गाडी, हार घातलेली. माझी नजर आधी काचेवर गेली, ती जातेच. बैठकीत सगळे होते. मास्तर, काकू, लेक, जावई. मला परत फिरावंसं वाटलं. लेक म्हणाली, "या, या. आज सणाच्या दिवशीही पापड?"

मी पुडकं मास्तरांपुढे धरलं. दर वेळी ते घेऊन पटकन आतल्या कपाटात ठेवायचे. या वेळी ते उठले नाहीत. पुडकं मांडीवर घेतलं, सुतळी सोडली, पापड बाजूला केले आणि नोट काढून सगळ्यांच्या देखत टेबलावर ठेवली.

"जावईबापू," ते म्हणाले, "गेल्या दसऱ्याला तुमच्या गाडीची काच मी बदलून आणली. खडी लागली होती. तुम्हाला सांगितलं नाही. या बाईंच्या हातून ती दुरुस्त करताना गेली, आणि त्यांनी त्या वेळी, मी माझाच दोष धरून बसलो असताना, तोंडावर सांगितलं. मला मात्र वर्ष लागलं. पैसे त्या महिन्याच्या महिन्याला आणून देत होत्या. पापडात."

मी पदर घट्ट धरला होता. लेकीने आधी बापाकडे, मग नोटेकडे, मग नवऱ्याकडे पाहिलं.

जावयांनी दारातून गाडीकडे पाहिलं. मग म्हणाले, "म्हणून वायपर करकरतो होय. वर्षभर मी शोरूमवाल्यांशी भांडतो आहे."

काकूंना हसू आवरेना. "पापड मात्र खरे होते हो," त्या म्हणाल्या. मग लेकही हसली, डोळे पुसत. जावयांनी किल्ली उचलून मास्तरांच्या पुढ्यात ठेवली आणि म्हणाले की देवीच्या टेकडीपर्यंत तुम्हीच चला घेऊन, आज मला गर्दीत गाडी काढायचा कंटाळा आला आहे.

मास्तरांनी नोट उचलली, घडी घालून सदऱ्याच्या खिशात ठेवली आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "पुरे झाले, बाई. साडेअकरा हजार पूर्ण."

मी आपट्याचं पान त्यांच्या हातावर ठेवलं आणि पाया पडले.